परवाना म्हणजे पुरावा नव्हे

चोआ चू कांगसारख्या सिंगापूरच्या वसाहतींत सर्दी-तापासाठी चिनी औषधांच्या दुकानाची पायरी चढणे नित्याचेच. करोनाकाळात तेथील ‘लिआनहुआ चिंगवेन’ या कॅप्सूलकडे लोक उपचार म्हणून पाहू लागले. त्यावर देशाच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खुलासा केला : तिला मान्यता आहे ती सर्दी-फ्लूच्या लक्षणांपुरती, तीही पारंपरिक वापराच्या नोंदींवरून, कोविडवरील गुणाचा पुरावा चाचण्यांतून मिळालेला नाही.

चीनमध्ये २८४ रुग्णांवर चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्यांची लक्षणे साधारण ७ दिवसांत ओसरली, इतरांची १० दिवसांत. आकडा मोहक आहे. पण दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, औषधाविना कॅप्सूल दिलेली नव्हती. कोणाला औषध मिळते आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. थकवा किती उतरला हे रुग्णच सांगणार, तेव्हा ही उणीव किरकोळ नव्हे. विषाणूच्या तपासणीत आणि आजार गंभीर होण्याच्या प्रमाणात तर लक्षणीय फरक दिसलाच नाही.

परवान्यालाच पुरावा मानण्याची चूक आपल्याकडेही झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘कोरोनिल’च्या प्रमाणपत्राचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेशी जोडला गेला, कोणत्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता आपण प्रमाणित केलेली नाही, असे संघटनेला सांगावे लागले. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राविना राज्यात विक्री होऊ देणार नसल्याचे जाहीर केले.

लिआनहुआच्या मूळ कृतीत एफेड्रा ही वनस्पती आहे. तिने रक्तदाब व नाडीचे ठोके वाढू शकतात. हृदयरोग्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.