सरफोजींचे दप्तर आणि आजचा प्रबंध

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोतीबिंदूच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी आहेत. त्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या (१७९८ ते १८३२), आणि त्यांच्यासोबत रुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही काढून ठेवलेली आहेत. राजांनी स्वतः शस्त्र चालवले की नाही, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. मला मोलाचे वाटते ते एवढेच, की कुणीतरी एकेका डोळ्यासमोर बसले, तो निरखला आणि मागून येणाऱ्याला वाचता येईल असे टिपून ठेवले. स्नायू व मज्जातंतूंच्या आजारांतल्या पुनर्वसनावर पीएच.डी. करणाऱ्यांना आधी हेच शिकवले पाहिजे, आणि आधीच्या विद्यार्थ्याच्या नोंदी पुढे चालवायला लावले पाहिजे.

यावरचा पूर्वपक्ष मला ठाऊक आहे. प्रबंध म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा, नवा प्रश्न. आधीच्याच्या नोंदी पुढे चालवणे ही कारकुनी झाली. शिष्यवृत्ती संपत आलेली असते, घरचे वाट पाहत असतात. यातली अडचण खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

डुशेन या स्नायुक्षयाचेच पाहा. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. मूल मांड्यांवर हात टेकवत उठू लागते, तेव्हा आईच्या मनात पहिली पाल चुकचुकते. बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांचे चालणे थांबते, पुढे श्वास आणि हृदयही दुबळे होत जाते. पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षांची. म्हणजे एका विद्यार्थ्याला या प्रवासाचा एक तुकडाच दिसणार. प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली, तर आईला तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि मुलाला त्याच चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात. त्याची किंमत मुलाचे शरीर मोजते. या आजारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसलेला स्नायुतंतू ताणाखाली लवकर फाटतो, जिना उतरताना तर अधिकच. ‘व्यायाम जितका जास्त तितका बरा’ हा समज इथे घातक आहे, आणि तो प्रयोगशाळेत बसून सुटत नाही.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. ३० मीटरच्या सपाट पट्ट्यावर सहा मिनिटे चालण्याची चाचणी जगभर मान्य आहे. घरातल्या निरीक्षणाला काय किंमत? चाचणी हवीच, नाहीतर तंजावरचा आकडा पुण्याच्या आकड्याशी ताडता येणार नाही. पण कावेरीच्या खोऱ्यातला मुलगा पट्ट्यावर राहत नाही. तो जमिनीवर जेवायला बसतो, ओट्यावर चढतो, भाताच्या बांधावरून जातो, बसच्या उंच पायरीशी अडतो. हे ज्याने पाहिले नाही, त्याला कोणती चाचणी अजून बनायची आहे हे सुचणार कुठून? वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४च्या अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. त्यानंतर त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे तिथे पुनर्वसनाचा विभाग उभा केला. पायरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नसेल.

गोपनीयतेचा आक्षेप सर्वांत वजनदार. म्हणूनच नोंदींतून नाव-पत्ता वेगळा काढून कुलपात ठेवावा, नवा विद्यार्थी आला की पालकांची संमती नव्याने घ्यावी आणि मुलालाही विचारावे. सात वर्षांवरील मुलाचा होकार घेण्याचे बंधन आपल्या वैद्यकीय संशोधनाच्या नियमांत आहेच. मुलगा नको म्हणाला, तर त्याचे पान तिथेच मिटावे.

तंजावरला मेडिकल कॉलेज आहे, पंचक्रोशीत शास्त्र विद्यापीठ आहे. रुग्ण आणि अभियंते एकमेकांपासून फार दूर नाहीत. अशा गावात पहिले वर्ष नव्या प्रयोगाविना जावे. विद्यार्थ्याने आधीच्याकडून दहा-बारा कुटुंबांचे दप्तर हाती घ्यावे, घरी जावे, फिजिओथेरपिस्टच्या शेजारी बसून सांधे आखडू नयेत म्हणून पाय कसा ताणतात ते हाताने शिकावे. आईचे शब्द तिच्याच भाषेत लिहावेत, मग ती तमिळ असो की साडेतीनशे वर्षे टिकलेली तंजावरी मराठी. ‘पाय धरत नाही’ याचे ‘अशक्तपणा’ करून टाकू नये, कारण पाय नेमका केव्हा धरत नाही, यातच पुढचा प्रश्न दडलेला असतो. नवा प्रश्न मिळतो तो असा.

आणि मौखिक परीक्षेत परीक्षकांनी प्रबंध मिटून ते दप्तर मागावे, कोणतेही एक पान उघडावे आणि विचारावे: हा मुलगा आता रात्री कुशीवर स्वतः वळतो का, आणि तुमच्यानंतर याच्याकडे कोण जाणार आहे?