केशरोपणानंतरच्या दहा रात्री

केशरोपण ही आता केवळ तरुणांची हौस राहिलेली नाही. साठी ओलांडलेली मंडळीही ते करून घेतात, आणि काही घरांत लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलाच्या उशाशी आईवडिलांनाच बसावे लागते. शस्त्रक्रिया बहुधा स्थानिक भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. त्यामुळे तिचे गांभीर्य सहसा जाणवत नाही. दिवसा आपण डोके सांभाळतो. झोपेत मात्र कूस बदलते, हात नकळत डोक्याकडे जातो. म्हणून या काळातील खरी काळजी रात्रीची आहे.

डोक्याच्या मागील बाजूचे केस पुढे लावले तरी आपला टिकाऊपणा सोडत नाहीत, हे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडले. या तत्त्वावरच आजचे केशरोपण उभे आहे. परंतु मागील बाजूचा हा साठा मर्यादित असतो. नव्याने बसवलेली केशमुळे पहिले दोन-तीन दिवस अगदी नाजूक असतात. उशीवर जोराने घासली तर ती निखळू शकतात. साधारणतः नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ती त्वचेत घट्ट रुजतात. तोपर्यंत निखळून गेलेले मूळ कायमचे गमावले, असेच समजावे.

पहिल्या चार-पाच रात्री उताणे, पाठ व डोके तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवून झोपावे. त्यामुळे कपाळावरील सूज कमी राहते. उंची देताना केवळ मानेखाली उशा रचू नयेत. मान पुढे वाकते आणि मणक्यांचा विकार असलेल्यांना दुखणे जडते. कमरेपासून उतार मिळेल अशा रीतीने लोड किंवा घट्ट उशा लावाव्यात. गुडघ्यांखाली एक मऊ उशी ठेवल्यास कंबरेवरील ताण हलका होतो आणि शरीर खाली घसरत नाही. प्रवासात वापरतात ती गळ्याभोवतीची उशी डोके कुशीवर कलंडू देत नाही. ज्यांना अंथरुणावर हे साधत नाही, त्यांनी पाठ मागे झुकणाऱ्या आरामखुर्चीत पाय उंच ठेवून झोपावे.

पहिल्या एक-दोन रात्री मागील जखमेतून थोडा रक्तमिश्रित स्राव येतो. उशीवर स्वच्छ, मऊ सुती पंचा अंथरावा व रोज बदलावा. खाज सुटतेच, म्हणून नखे आधीच कापून ठेवावीत. मच्छरदाणीत शिरताना किंवा डोक्यावरून सदरा काढताना केशमुळांना धक्का बसतो. तेव्हा पुढून बटणे असलेला सदरा घालावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींचे भान हवे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने थांबवू नये आणि मनाने पुन्हा सुरूही करू नये. हृदयरोगतज्ज्ञ व शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांच्या विचारानेच निर्णय व्हावा. वेदनाशामक गोळीही विचारूनच घ्यावी. झोप येत नाही म्हणून घरातील जुनी झोपेची गोळी देऊ नये. तिच्या गुंगीत तोल जातो, आणि घोरताना श्वास अडखळणाऱ्यांना ती अपायकारक ठरते. रात्री श्वासाचे यंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा पट्टा कोठून जातो, हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच दाखवावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून पापण्यांकडे उतरू शकते. ती बहुधा आठवड्याभरात ओसरते. परंतु डोळे अर्धवट मिटलेले असताना रात्री लघवीला उठणे धोक्याचे असते. खोलीत मंद दिवा ठेवावा, वाटेतील पायपुसणे उचलावे. उठताना आधी मिनिटभर अंथरुणाच्या कडेला बसावे व मगच उभे राहावे. सांभाळणाऱ्याने त्याच खोलीत झोपणे उत्तम.

एखाद्या ठिकाणी रक्त येऊ लागल्यास निर्जंतुक कापसाच्या पट्टीने दहा मिनिटे हलका, स्थिर दाब द्यावा. पुसू नये, घासू नये. तरीही रक्त थांबले नाही, ताप आला, पू दिसला, लाली पसरू लागली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट पाहू नये. छातीत दुखणे वा धाप लागणे यांचा संबंध केसांशी न जोडता तत्काळ रुग्णालय गाठावे. याउलट, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात उशीवर गळलेले केस दिसले तर घाबरू नये. केस गळतो, मूळ आतच राहते आणि काही महिन्यांनी नवा केस उगवतो.

दहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी तपासून अनुमती दिल्यावर, नेहमीच्या कुशीवर झोपता येते. मात्र शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्यापूर्वीच एक प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कोण उचलेल? त्याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय होकार देऊ नये, आणि तो क्रमांक पहिल्या रात्रीपासून उशाशी लिहून ठेवावा.