घरचा हॉट डॉग, पण त्यात घरचं किती?

गेल्या पालकभेटीच्या रविवारी सातवीतल्या एका कॅडेटची आई डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. महाराष्ट्रातून लांबचा प्रवास करून आदल्या दिवशी त्या इथल्या नातेवाइकांकडे उतरल्या होत्या आणि पहाटे उठून त्यांनी मुलासाठी खाऊ केला होता. बाहेरचे पदार्थ आणायचे नाहीत हा नियम त्यांना ठाऊक होता. म्हणून मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "सर, बाहेरचं काही नाही हो. हॉट डॉग आहेत, पण घरी केलेत."

मी परवानगी दिली. मायलेक झाडाखाली बसले आणि चिरंजीवांनी पाच मिनिटांत तीन हॉट डॉग संपवले. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे न राहवून विचारलं, "आतलं सॉसेज कसं केलंत?" त्या म्हणाल्या, "ते पाकिटातलं आहे, मी फक्त तव्यावर परतलं." पाव बेकरीतला, केचप बाटलीतलं, चीजची स्लाइसही पाकिटातली. घरचा होता तो तवा आणि त्या माउलीची पहाटेची झोप.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आपण 'घरचं' हा शब्द फार सैल वापरू लागलो आहोत, असं माझं मत आहे.

मुळात हा पदार्थ घरचा नव्हताच. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपली फ्रँकफर्टर सॉसेजं सोबत नेली आणि हातात धरून खाता यावीत म्हणून ती पावात घालून विकली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर नेथन हँडवर्कर यांनी १९१६ मध्ये पाच सेंटला एक हॉट डॉग विकायला सुरुवात केली. जून १९३९ मध्ये इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज अमेरिकेत आले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घरच्या वनभोजनात त्यांनाही हॉट डॉग वाढले गेले. थोडक्यात, जत्रेत आणि मैदानावर कधीमधी खायची ही चीज. सुट्टीत रोज संध्याकाळी खायची सवय आपण लावून घेतली.

आता हिशोब करू. पाकिटातलं एक साधं सॉसेज सुमारे ४५ ग्रॅमचं असतं. त्यात साधारण १५० कॅलरी, १३ ग्रॅम चरबी आणि ५ ते ६ ग्रॅम प्रथिनं. एवढी प्रथिनं एका अंड्यात मिळतात, तीही निम्म्या कॅलरीत. सोडियम सुमारे ४५० मिलिग्रॅम. पावाचं २००, चमचाभर केचपचं १५०, चीजच्या स्लाइसचं आणखी २००. एक हॉट डॉग म्हणजे जवळजवळ १००० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसालाही दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ५ ग्रॅम मिठापेक्षा, कमी घ्यायला सांगते. आमच्या सातवीतल्या वीराने पाच मिनिटांत दीड दिवसाचं मीठ पोटात घातलं होतं.

दुसरा मुद्दा नायट्राइटचा. सॉसेजचा गुलाबी रंग त्यामुळेच टिकतो. ते उगाच घालत नाहीत. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंची वाढ ते रोखतं. ('बॉट्युलस' या लॅटिन शब्दाचा अर्थच सॉसेज.) पण याच नायट्राइटपासून पुढे कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारी संयुगं तयार होऊ शकतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही याच गटात आहे. इथे कॅडेट्सनी घाईने निष्कर्ष काढू नये. एक सॉसेज म्हणजे एक सिगारेट, असा त्याचा अर्थ नाही. पुरावा किती पक्का आहे हे तो गट सांगतो, धोका किती मोठा हे नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्या संस्थेने म्हटलं. यातला 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. तव्यावर परतल्याने मात्र यातलं काहीच कमी होत नाही.

यावर पालक म्हणतील, "सर, पोरगं सुट्टीत चार दिवस घरी येतं. आवडीचं करून घालायचं नाही का?" जरूर घाला. हॉट डॉगवर बंदी घालावी असं मला वाटत नाही. बंदी घातलेली वस्तू मुलं ट्रंकेच्या तळाशी कशी लपवतात, हे हाऊस मास्टरला कुणी सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच, की घरी करायचा तर आतलं सारण घरी करा. ते अवघड नाही.

चार जणांसाठी ३०० ग्रॅम बोनलेस चिकनचा खिमा घ्या. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, बारीक चिरून पिळलेला कांदा, मिरपूड, अर्धा चमचा मीठ आणि बांधणीपुरता ब्रेडचा चुरा घाला. हात ओला करून बोटभर लांबीच्या चार वळकट्या करा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि थोड्या तेलात झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. मधोमध कापल्यावर आत गुलाबी दिसता कामा नये. कच्च्या खिम्याचे हात आणि भांडी लगेच साबणाने धुवा. एका वळकटीत १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात आणि मीठ पाकिटातल्यापेक्षा बरंच कमी. शाकाहारी घरात १०० ग्रॅम हरभरे भिजवून शिजवा, एक उकडलेला बटाटा आणि मूठभर दाण्याचं कूट घालून तशाच वळकट्या करा. प्रत्येकीत ७ ग्रॅम प्रथिनं मिळतील, शिवाय तंतू, जे सॉसेजमध्ये जवळजवळ नसतात. वर केचपऐवजी पुदिन्याची चटणी, भरपूर काकडी, कांदा, कोबी. पाव नको असेल तर पोळीत गुंडाळा. नाव बदललं तरी पोट तक्रार करणार नाही.

दोन सूचना. घरात चार वर्षांखालचं भावंडं असेल, तर त्याला सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नका. त्या घशात अडकतात. उभे काप करून बारीक तुकडे द्या. आणि भेटीला आणायचे असतील, तर सकाळी करून दोन तासांत संपतील एवढेच आणा.

कॅडेट्स म्हणतील, "सर, आम्ही रोज पळतो, सगळं जिरतं." कॅलरी जिरतात, हे खरं. पण वाढत्या वयात स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, आणि मिठाची आणि चवीची सवय पळून जिरत नाही. तुमच्यातले काही जण पुढे दूरच्या ठाण्यांवर असतील, तुमच्या तुकडीचं जेवण तुमच्या जबाबदारीवर असेल. तेव्हा पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय उपयोगी पडेल.

म्हणून येत्या सुट्टीसाठी माझा गृहपाठ असा. एकदा आईबाबांना बसवून स्वतः हॉट डॉग करा, सारणासकट. पाकिटातल्या सॉसेजचं लेबल आणि तुमच्या वळकटीचा हिशोब वहीत शेजारी शेजारी लिहा. परत आल्यावर दोन्ही मला दाखवा. सर्वांत चांगली पाककृती मी मेस समितीपुढे ठेवणार आहे. महिन्यातून एका शनिवारी आपल्या मेसमध्ये आपलेच हॉट डॉग व्हावेत, अशी माझी सूचना आहे.

त्या सातवीतल्या कॅडेटच्या आईंना मी ही कृती कागदावर लिहून दिली. त्यांनी ती वाचली आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी कांदा तू चिरायचास."