'पुराला जात नसते' म्हणणाऱ्यांना चार प्रश्न

तत्त्वज्ञान म्हटले की आपल्या तरुणांना जाडजूड ग्रंथ, संस्कृत श्लोक आणि आत्मा-परमात्मा आठवतो. हा आपला प्रांत नव्हे, असे समजून ते बाजूला होतात. आम्हाला हे मान्य नाही. सगळ्यांनी माना डोलावलेले एखादे रोजचे वाक्य पकडायचे आणि त्याला प्रश्न विचारायचे, तत्त्वज्ञानाची सुरुवात इथूनच होते. आज आम्ही असेच एक वाक्य घेतले आहे: 'पुराला जात नसते.'

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला हे वाक्य नवे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुका बुडाला. हे वाक्य बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हेही आम्ही मान्य करतो. ज्या गावात मशिदीत गणपती बसतो, त्या गावाला एकोपा शिकवायला आम्ही बाहेरून जाणार नाही. पण हेतू चांगला असला म्हणून वाक्य खरे ठरत नाही.

आधी पाण्याचेच बघू. शेजारच्या नृसिंहवाडीत कृष्णेचे पाणी वाढून दत्तमंदिरात शिरते आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्याला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात. स्नानासाठी गर्दी होते. तेच पाणी आणखी चढले की सोहळा संपतो आणि महापूर सुरू होतो. नदी तीच, पाणी तेच. मग मधल्या काही फुटांत काय बदलले? पाण्यात काहीच बदलले नाही. नाव माणसाने दिले.

हा प्रश्न आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी एका दासीने विचारला आहे. थेरीगाथेतली पुण्णिका ऐन थंडीत पाणी भरत असे, कारण मालकिणीच्या माराची भीती होती. पाप धुवायला नदीत कुडकुडत उभ्या राहिलेल्या ब्राह्मणाला तिने विचारले की, स्नानाने मुक्ती मिळत असेल तर बेडूक आणि कासवे आधीच स्वर्गात पोचली असतील ना? शिवाय नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्य तरी का मागे ठेवील? डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईचा हा युक्तिवाद आहे. यासाठी तिला कुठल्या पाठशाळेत जावे लागले नाही.

आता महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळ्याची 'शुद्धी' केली. म्हणजे पाणी जगाचे पाप धुते, पण एका माणसाच्या ओंजळीने बाटते! या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. पाण्याला जात नसते हे खरेच. पण पाण्याभोवतीच्या माणसांनी जात आणली, हेही तितकेच खरे. 'पुराला जात नसते' या वाक्यात पहिले सत्य सांगून दुसरे झाकले जाते.

म्हणून आमचे चार प्रश्न.

एक, गावात उंचावर घरे कोणाची आणि सखल भागात कोणाची? ही वाटणी पुराने केली की गावाने?

दोन, पंचनाम्यात कोण बसतो? पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. त्याच रानात भांगलणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या भूमिहीनाची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची?

तीन, पाणी ओसरल्यावर गाळ, गटारी आणि मेलेली जनावरे कोण उचलतो? त्याच्या पायात गमबूट, हातात मोजे असतात का?

चार, निवारा केंद्रात पाण्याचा पिंप आणि जेवणाची पंगत एकच असते का?

उत्तरे आम्ही आधीच ठरवून ठेवलेली नाहीत. एखाद्या गावात ती चांगली निघाली तर आम्हाला आनंदच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा सांगितला आहे. संघ युद्धाला निघाला होता. सिद्धार्थ म्हणाला की, आधी दोष कोणाचा याची चौकशी करा. दोघे आपले, दोघे त्यांचे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच नेमा. बहुमत विरोधात गेले, तरी तो हटला नाही. अलमट्टीच्या नावाने दर पावसाळ्यात तापणाऱ्या दोन्ही राज्यांच्या पुढाऱ्यांनीही ही रीत शिकावी. आधी चौकशी, मग निष्कर्ष.

तेव्हा मित्रहो, पावसाळ्याआधी एक वही घ्या आणि आपल्या गावात घरोघरी फिरा. चारही प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, तहसील कचेरीत ती वही टेबलावर ठेवा आणि लेखी उत्तर मागा. 'कशाला जातीचा विषय काढता?' असे कोणी म्हणाले, तर शांतपणे वहीचे पान उघडून दाखवा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले शिकणे अशा वहीपासूनही सुरू होते.

जय भीम!