काय तक्रार आहे?

बाह्यरुग्ण विभागात रुग्ण समोर येऊन बसला की आपण सर्वजण ज्या प्रश्नाने प्रारंभ करतो, त्या प्रश्नातील 'तक्रार' या शब्दाकडे आपल्यापैकी फारसे कोणी थांबून पाहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. आपण विचारतो तेव्हा तक्रार म्हणजे धाप, खोकला, पोटातली कळ. हाच शब्द रुग्णाने आपल्या वागणुकीविषयी उच्चारला की मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत रुळलेल्या या शब्दाचा मूळ अरबी अर्थ 'पुनरावृत्ती' असा आहे. आम्हांला तो एका रुग्णालयाच्या बाकावर बसल्याबसल्या आठवला.

उभी हयात टेबलाच्या अलीकडे काढल्यानंतर, वहिनींच्या गुडघ्याच्या निमित्ताने, आम्हांला पलीकडच्या बाजूस साधा नातेवाईक म्हणून बसण्याचा प्रसंग आला. साडेसातला केसपेपरच्या खिडकीपुढे रांग, मग बाक. शेजारी एक आजी होत्या. पहाटेच्या एसटीने आलेल्या, एकाच दुखण्यापायी तिसरी खेप घातलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवलेल्या. त्यांचा नंबर लागला तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. खोलीला दाराऐवजी पडदा असल्याने आतले बोलणे न ऐकता राहणे शक्यच नव्हते: "रिपोर्ट आणलाय?" "आणलाय." "याच गोळ्या चालू ठेवा आजी, पंधरा दिवसांनी या." आजी बाहेर आल्या आणि पुन्हा आमच्याजवळच टेकल्या. पाच तास ताटकळल्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "हात बी लावला न्हाई बघा, दादा."

हेच वाक्य त्यांनी आधी पडद्याजवळच्या मामांना ऐकवले होते, नंतर औषधाच्या खिडकीवरही ऐकवले, आणि तिसऱ्यांदा आम्हांला सांगताना त्याच्या शेपटास जोडून आणखी एक गोष्ट निघाली: पांढरी गोळी सुरू झाल्यापासून अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि परवा न्हाणीत तोल गेला होता. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या बाईचे हे वाक्य कोणत्याही वैद्याच्या कानांस काय सांगते, ते वाचकांस वेगळे समजावण्याचे कारण नाही. आम्ही त्यांना पुन्हा आत धाडले. आदल्या दिवसापासून कामावर असलेल्या त्या तरुण निवासी डॉक्टरने कुरकुर न करता आजींना आधी निजवून व मग उभे करून रक्तदाब पाहिला आणि गोळी निम्मी केली. दोष त्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण अंधारीची तक्रार आणि अनास्थेची तक्रार एकाच मुखातून, एकाच श्वासात आली होती, आणि जो दुसरी ऐकून घेणार नाही त्याच्या कानी पहिलीही पडणार नाही, हे तेथे आम्हांला जितके स्पष्ट दिसले तितके ग्रंथांत कधी दिसले नव्हते.

ग्रंथांत नव्हते असे मात्र नाही. वाग्भटाने रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन साधने सांगितली. म्हणजे 'हात लावला नाही' हे गावंढळ गाऱ्हाणे वस्तुतः शास्त्राचाच हवाला आहे. चरकाने तर चिकित्सेच्या चार पादांत खुद्द रोग्याला स्थान दिले आणि 'ज्ञापकत्व', म्हणजे आपला व्याधी सांगता येणे, हा त्याचा गुण मानला. सांगणाऱ्याचा गुण ऐकणाऱ्यावाचून व्यर्थ होय, हे सांगण्याची गरज त्या काळी पडली नसावी.

यावर येणारे उत्तर आम्ही जाणतो: वेळ कोठे आहे? ते खोटे नाही. निरनिराळ्या देशांतील तपासणीच्या कालावधींचा जो आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात भारताच्या वाट्याला सुमारे दोन मिनिटे आली, तर स्वीडनच्या वाट्याला बावीस. उलट, बाझल येथील रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात 2002 सालच्या एका अभ्यासात रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी 92 सेकंदांत आपण होऊन थांबले. आमच्या दोन मिनिटांतून हे 92 सेकंद वजा केले तर तपासणीस अर्धे मिनिट उरते, हा हिशेब कोणासही करता येईल, आणि केवळ सौजन्याच्या उपदेशाने तो जुळणार नाही. परंतु वेल्च आणि बेली यांनी 1952 सालीच दाखवून दिले होते की प्रतीक्षेचा मोठा भाग रुग्णसंख्येतून नव्हे, तर सर्वांना एकाच वेळी बोलावण्यातून व डॉक्टरांच्या उशिरा येण्यातून जन्मतो. आपल्याकडे नऊची ओपीडी राउंड संपल्यावर सुरू होण्याचा शिरस्ता कोणत्या हुकुमाने पडला, हे विभागप्रमुखांनी एकदा स्वतःस विचारावे.

फिर्यादीच्या भीतीने हे लिहीत नाही. सर्वांवर मोफत उपचार करणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे आणि नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ठरवून टाकले. म्हणजे आजींना दाद मागायला उरते ती तक्रारपेटी. (आम्ही पाहिलेल्या पेटीला कुलूप होते; किल्ली कोणाकडे, हे तिघांना विचारूनही कळले नाही.) या पेटीतले कागद बारनिशीत चढवून कारकुनाने खुलासा मागवण्याची रीत बंद व्हावी, आणि ते दर आठवड्यास विभागप्रमुखाने, प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तसे, निवासी डॉक्टरांसमवेत वाचावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकांस एक विनंती आहे. येत्या महिन्यात एक सकाळ सवडीने काढून, आपल्या नव्हे तर दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर, गळ्यात स्टेथोस्कोप न अडकवता, नंबर लागेपर्यंत बसावे, आणि जे ऐकू येईल ते आम्हांस लिहून पाठवावे. रुग्णालयाचे नाव घालू नये. आम्हीही छापणार नाही.