सिस्टरची दहा मिनिटं

मैत्रिणींनो, घरात कुणाला नव्यानं इन्सुलिन सुरू झालं असेल, तर आजचं पान जरा सावकाश वाचा. आमच्याकडे झालं ते तुमच्याकडे व्हायला नको.

सासूबाई आठ दिवस वॉर्डात होत्या. घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनी इंजेक्शन शिकवायला घेतलं ते दुपारी पावणेदोनला, म्हणजे त्यांची पाळी संपता संपता. मी शाळेतून धावत पोचले तेव्हा निम्मं शिकवून झालं होतं, आणि ऐकत होते मामंजी, ज्यांना चष्मा लावूनही सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत! उरलेल्या निम्म्यात सिस्टरना तीनदा उठावं लागलं. कुणाचं सलाईन संपलं, कुणाला ऑपरेशनला न्यायचं, कुणाचे नातेवाईक कागदासाठी अडून बसलेले. "ताई, समजलं ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. वर्गात मुलं हलवतात तश्शीच.

घरी रोज सकाळी २० युनिट नेमानं दिलं. पाचव्या दिवशी साखर ३०० च्या वर. चोरून गोड खाल्लं असणार, म्हणून मी सासूबाईंना बोललेसुद्धा. (लिहिताना अजून लाज वाटते.) पुन्हा रुग्णालय गाठलं. तिथं बाह्यरुग्ण विभागातल्या सिस्टरनी आमची पिशवी उघडली आणि झाकण बघूनच म्हणाल्या, "अहो, बाटली चाळीसची आणि सिरिंज शंभरची!"

बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे दोन ताकदींचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, नाहीतर १००. चाळीसच्या सिरिंजला लाल झाकण असतं, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. दुकानात आम्हाला नारिंगी दिली गेली. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत चाळीसचं औषध भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी चूक झाली असती तर २० च्या जागी ५० गेली असती, आणि साखर एकदम उतरून जिवावरच बेतलं असतं.

आधी मला वॉर्डातल्या सिस्टरचाच राग आला. मग आठवलं, त्या पाळीला चाळीसेक खाटांना दोघीच होत्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या वॉर्डासाठी ३ खाटांमागे १ परिचारिका असा आहे. तीन पाळ्यांत वाटलं तर एकीकडे ९ खाटा. इथं वीस! शिवाय वॉर्डात सगळ्या सिरिंजा लालच, मग रंगाचं सांगायचं सुचणार कसं? मलाही साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडून गणित करून घेणं जमत नाही. "कळलं का?" विचारते, "हो बाई" ऐकते, पुढचं पान उलटते.

म्हणून डिस्चार्जची वाट बघू नका. सिस्टर इंजेक्शन द्यायला येतात तेव्हा जवळ उभ्या राहा, आणि दुसऱ्या दिवशी म्हणा, "आज मी भरते, तुम्ही फक्त बघा." त्यांना निराळा वेळ काढावा लागत नाही. पाळी बदलताना मात्र विचारू नका. घरी जो टोचणार त्यानंच शिकायचं. झाकणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा लिहून घ्या. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको. आणि पेशंटला दरदरून घाम, थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना.

रुग्णालयाच्या वहीत मी तक्रार लिहिली, पण सिस्टरविरुद्ध नाही. एका पाळीला माणसं किती, आणि त्यांनी शिकवायचं केव्हा, एवढंच विचारलं. उत्तर अजून नाही.

सासूबाईंची साखर आता बरीच खाली आली आहे. रोज सकाळी त्या आधी विचारतात, "झाकण लाल आहे ना गं?" मगच पदर बाजूला करतात.