रुमाल सुटले पाहिजेत

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने सांगा' हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नसतो. बखरी, पत्रे, शकावल्या, महजर असे उत्तर तो घडाघडा लिहितो आणि गुणही मिळवतो. पण यांपैकी एकही अस्सल साधन तीन वर्षांत त्याच्या दृष्टीस पडलेले नसते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने परीक्षानळी हाती न धरता पदवी मिळवली तर आपण हसू. कला शाखेत मात्र हेच वर्षानुवर्षे चालले आहे आणि त्याचे कोणालाच हसू येत नाही. वास्तविक दफ्तरखाना आणि ग्रंथालयातले दुर्मिळ पुस्तकांचे कपाट ही आमची प्रयोगशाळा आहे. तिचे दार आमच्यासाठी उघडले पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेले कापडी गाठोडे. त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ भाग गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १८९८ साली, राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला होता. छापील खंड हाताशी असताना मूळ कागद कशाला पाहायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका पत्रातच मिळते.

पत्र मोडीत असते. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिलेली. शब्द एकमेकांना चिकटलेले. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याने अर्थ पाहून ठरवायचे. कालाचेही तसेच. 'इहिदे सबैन मया व अलफ' असे सुहूर सन दिलेले असेल, तर एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१ होतात. मृगाच्या सुमारास सुरू होणारे हे वर्ष इसवी सनाच्या १७७०-७१ मध्ये येते. पण खाजगी पत्रांत पुष्कळदा नुसती तिथी असते, साल नसतेच. मग मजकुरातल्या माणसांवरून आणि प्रसंगांवरून संपादक साल ठरवतो. छापील खंडात ठळकपणे दिसणारे ते साल म्हणजे कोणा अभ्यासकाचा निर्णय असतो, आणि निर्णय चुकूही शकतो. हे शंभर व्याख्यानांनी जितके पटणार नाही तितके एक पत्र समोर ठेवल्याने पटेल. 'हे तुम्हांला कशावरून कळले?' असे विचारण्याची सवय लागणे हेच इतिहासाचे खरे शिक्षण.

यावर ग्रंथपाल म्हणतील, कागद जीर्ण आहेत, मुले फाडतील. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर कुलूप हा एकच उपाय नाही. एका वेळी आठ-दहा विद्यार्थी, धुऊन कोरडे केलेले हात, शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल, कागद टेबलावर सपाट, शेजारी जाणकार माणूस. एवढी शिस्त पाळली तर तासाभरात कागदाचे काही बिघडणार नाही. सरावासाठी छायाप्रती आहेतच. मोबाईलवरील चित्र वाचनाला उपयोगी आहे, हे मान्य. पण कागदाचा पोत, घडीच्या खुणा, पाठीमागे उमटलेली शाई यांतले त्यात फारच थोडे उतरते.

दुसरी अडचण मोडीची. मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग भरतात. तेथे काही आठवडे घालवणे कोणालाही अशक्य नाही. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी बाळबोधीतील जुनी छापील पुस्तके आणि वृत्तपत्रांच्या फाइली आहेत. १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चा एक जुना अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, जाहिरातींसकट वाचावा. पाठ्यपुस्तकात न सापडणारा काळ त्यात सापडतो.

हा केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि जपून ठेवलेल्या ग्रंथ-पोथ्यांची नासधूस झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती जेथे तयार झाली ती ही संस्था. त्या जमावातल्या कितीजणांनी तोवर एखादी पोथी स्वतःच्या हाताने उलगडली असेल? जी वस्तू आपण कधी पाहिलीच नाही, तिची किंमत आपल्याला कशी कळणार? इतिहासाचा अभिमान बाळगणारे आपल्याकडे उदंड आहेत. त्याचा कागद वाचू शकणारे थोडे.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की, वर्षातून निदान तीन तासिका तरी वर्गाबाहेर, कागदासमोर घ्याव्यात. आणि मित्रांनो, त्यांनी नेण्याची वाट पाहू नका. ग्रंथालयात जा आणि त्या बंद कपाटात काय आहे ते विचारा. आजवर कोणी विचारले नाही, म्हणूनही पुष्कळ कपाटे बंद राहिली आहेत.